गटारीच्या जेली शॉट्ससाठी बाटली कोणती घ्यायची?

आमच्या गच्चीवर पहिल्यांदा जेली शॉट्स झाले ते गटारीला. चाळीस वाट्या भरल्या होत्या आणि चाळीसच्या चाळीस ओठाला लावून प्याव्या लागल्या, कारण जेली गोठलीच नव्हती. "कडक झाले पाहिजेत" म्हणून आतेभावाने पाण्याऐवजी जवळजवळ सगळी व्होडकाच ओतली होती. रात्री अकरा वाजता फ्रीज उघडला तर ट्रेमध्ये लालभडक पाणी डुचमळतंय. वहिनी म्हणाली, "याला शॉट नका म्हणू, खोकल्याचं औषध म्हणा. चवही तशीच आहे."

त्यानंतर बऱ्याच गटाऱ्या आणि थर्टी फर्स्ट गेले, हात बसला. आता सोसायटीतलं कुणी ना कुणी जुलै लागला की विचारतं, "दारू कुठली घालू?" विचारणाऱ्याला ब्रँडचं नाव हवं असतं. मी उलट विचारते, घरात गोठवायला काय आहे आणि बाटलीवर टक्के किती लिहिलेत? ही दोन उत्तरं मिळाली की बाटली आपोआप ठरते. ब्रँड सगळ्यात शेवटी.

ज्यांनी हा प्रकार खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगते. 30 मिलीच्या छोट्या वाटीत गोठवलेली, दारू घातलेली गोड जेली म्हणजे जेली शॉट. पार्टीत मिरवणारी ही अमेरिकी गोष्ट आहे, पण वाटते तितकी नवी नाही. जेरी थॉमस नावाच्या अमेरिकी बारटेंडरने 1862 साली काढलेल्या पुस्तकात पंचची जेली आहे. तिच्याखाली त्याने इशाराही दिलाय: जेलीत दारूचा कडकपणा इतका बेमालूम लपतो की लोक भरपूर खातात आणि जेवणानंतर नाचायच्या लायकीचे उरत नाहीत. दीडशेच्या वर वर्षं झाली, या वाक्यातलं काहीही बदललेलं नाही.

आधी बाटलीवरचा आकडा

आपल्याकडची व्होडका, रम, जिन, व्हिस्की यांतली कुठलीही बाटली उचला, बारीक अक्षरात बहुधा 42.8 टक्के लिहिलेलं सापडेल. हा विचित्र आकडा ब्रिटिशांच्या जुन्या मोजमापातून आलाय. त्यांच्या हिशोबात 100 प्रूफ म्हणजे 57.1 टक्के अल्कोहोल, आणि आपल्याकडे बाटली 75 प्रूफची. 57.1 चे 75 टक्के काढा, 42.8 येतात. अमेरिकेत प्रूफ म्हणजे टक्क्यांच्या सरळ दुप्पट, म्हणून तिथली 80 प्रूफ व्होडका 40 टक्क्यांची. न्यू जर्सीतल्या मावसबहिणीला मी माझं प्रमाण जसंच्या तसं पाठवते, या फरकाने जेलीचं काही बिघडत नाही. युरोपात काही व्होडका आणि पांढऱ्या रम 37.5 टक्क्यांच्या असतात, त्यानेही नाही.

बिघडतं ते वेगळ्या जातीची बाटली घेतली की. वाइन साधारण 12-13 टक्के, क्रीम लिकर, म्हणजे साय घातलेली गोड दारू, 17 च्या आसपास, नारळाच्या चवीची गोड रम 21, फळांच्या चवीचं तयार ब्रीझर 4.8. फ्लेवर्ड व्होडका तर कधी साध्या व्होडकाइतकीच कडक असते, कधी कमी, आणि तिच्यात साखरही असू शकते. म्हणून लेबल वाचल्याशिवाय मापाला हात लावू नका.

आकडा एवढ्यासाठी हवा की तयार मिश्रणात अल्कोहोल 12 ते 15 टक्क्यांच्या मध्ये राहिलं की चव, गोठणं आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ, तिन्ही ठीक राहतात. 20 च्या पुढे नेहमीच्या प्रमाणातलं जिलेटिन ढिलं पडायला लागतं. जिलेटिन वाढवून तेही गोठवता येतं, पण मग खाताना रबर चावल्यासारखं वाटतं. आतेभावाचं मिश्रण तिशीच्या पुढे गेलं होतं.

हिशोबाला कागद लागत नाही, एक क्वार्टर लक्षात ठेवा. क्वार्टर म्हणजे 180 मिली, म्हणजे सहा स्मॉल पेग. सगळं धरून 600 मिली मिश्रण करा. 180 मिलीत 42.8 टक्क्यांनी 77 मिली शुद्ध अल्कोहोल येतं, ते 600 मध्ये पसरलं की झाले जेमतेम 13 टक्के. 30 मिलीच्या वीस वाट्या भरतात. सहा पेग वीस वाट्यांत, म्हणजे साधारण सव्वातीन वाट्या खाल्ल्या की एक स्मॉल पेग पोटात गेला. पाहुण्यांना हे सांगायचंच, कारण वाटी बघून कुणालाही हा अंदाज येत नाही.

मग गोठवणारं काय आहे ते बघा

बाटली घ्यायच्या आधी हे ठरवलेलं बरं, कारण तीन गोष्टी तीन तऱ्हेने वागतात.

जिलेटिन पावडर केकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळते. शॉट्सचं खरं सुख हिच्यात. तोंडात टाकला की विरघळतो, कारण जिलेटिन शरीराच्या उष्णतेला वितळतं. मात्र ते जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात. गटारीला मटणावर ताव मारणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही, पण गच्चीवर शाकाहारी शेजारी असतील तर आधी सांगा. आमच्याकडे एक जैन जोडपं येतं, ते थोडी दारू घेतात पण जिलेटिन घेत नाहीत. त्यांचा ट्रे वेगळा असतो.

चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, समुद्री शेवाळापासूनचं. हे शाकाहारी आहे आणि पावसाळ्यातल्या गच्चीवर हेच टिकतं. जिलेटिनची जेली तिशीच्या तापमानाला मान टाकायला लागते, अगरची 80 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. एका गटारीला संध्याकाळी सात वाजता लाइट गेली ती साडेदहाला आली. जिलेटिनचे शॉट वाटीतच ओघळले, चायना ग्रासचे ताठ उभे. फक्त ते तोंडात विरघळत नाहीत, दाताखाली तुटतात. नारळपाण्यासारख्या नाजूक चवीला हे छान जातं, रमला तितकंसं नाही.

तिसरी जेली क्रिस्टल्सची पाकिटं. यात साखर, रंग, चव सगळं असतं. हिरवा ठिपका असेल तर आत बहुधा कॅराजीनन असतं, तेही शेवाळाचंच. नवख्याने पहिला ट्रे यातच करावा. रंग मात्र लाल, हिरवा, पिवळा यांपैकीच आणि चव शाळेच्या गॅदरिंगची. त्यामुळे यात महागाची बाटली घालणं म्हणजे पैसे उधळणं.

आता बाटली

व्होडका. पहिल्या ट्रेसाठी हीच घ्या. तिची स्वतःची चव कमी, रंग नाही, कुठल्याही सरबताबरोबर जमते. पण "व्होडकाला चवच नसते, मग स्वस्तातली चालेल" हे अर्धंच खरं. ग्लासात भरपूर बर्फ आणि लिंबू असलं की स्वस्त व्होडका लपते. जेलीत ती जिभेवर रेंगाळते आणि मागून जो जळका, स्पिरिटसारखा वास येतो तो लपत नाही. मधल्या किमतीची घ्या, त्याहून वर जाऊ नका. भारी व्होडकाचा जो गुळगुळीतपणा असतो तो साखर आणि लिंबाखाली कुणाला कळणार?

व्होडकाबरोबर मला सगळ्यात जास्त आवडतो काला खट्टा. जून-जुलैत जांभळं असतातच, ताजा रस काढलात तर उत्तम, नाहीतर बर्फाच्या गोळ्यावर घालतात तो काला खट्टाचा सिरप. वाटीच्या कडेला काळं मीठ आणि चिमूटभर लाल तिखट. रंग असा जांभळा-काळा येतो की फोटो काढल्याशिवाय कुणी खात नाही.

पांढरी रम. व्होडकापेक्षा जरा गोडसर, उसाचा वास असलेली. शहाळ्याच्या पाण्याबरोबर हिच्यासारखी दुसरी नाही. शहाळ्याची मलई बारीक चिरून प्रत्येक वाटीच्या तळाला घालायची, गोठवायला चायना ग्रास. शहाळ्याचं पाणी जास्त उकळलं की चव जाते, म्हणून चायना ग्रास साध्या पाण्यात उकळून शहाळ्याचं पाणी नंतर घालायचं. शहाळ्याचं पाणी आणि रम दोन्ही फ्रीजमधून काढलेली नसावीत. का नसावीत ते पुढे येतंच आहे.

ओल्ड मंक. काळ्या रमला स्वतःचा व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास असतो. फळांच्या सरबताशी त्याची झोंबाझोंबी होते, कॉफी आणि कोला यांच्याशी जमतं. काळी कॉफी जरा कडक करा, साखरेऐवजी गूळ घाला, जिलेटिनमध्ये गोठवा. कोला घ्यायचा तर बाटली उघडून तासभर ठेवा, गॅस गेला पाहिजे. नाहीतर गरम मिश्रणात ओतल्यावर फेस पातेल्याच्या बाहेर येतो आणि ओटा चिकट होतो. सासूबाई गावाला गेल्या असतील तर गोष्ट वेगळी.

जिन. जिनमधला जुनिपरचा, झाडपाल्यासारखा वास जेलीत आणखी उठून दिसतो. तो आवडणाऱ्यांनाच द्या. टॉनिक वॉटर, लिंबू, साखर आणि जिन अशी जेली करून खोलीत निळा-जांभळा अल्ट्राव्हायोलेट दिवा लावलात तर शॉट्स निळे चमकतात, कारण टॉनिकमधलं क्विनाइन त्या उजेडात चमकतं. गोव्यात गेल्या काही वर्षांत चांगल्या जिन तयार होतात. त्या ग्लासात घ्या, शॉटमध्ये साधी चालते.

टकिला. लिंबू, संत्रं, मीठ, एवढंच. मे महिन्यात कैरीच्या पन्ह्याबरोबर केलेला ट्रे अजून लोक काढतात. पण टकिला आपल्याकडे महाग, म्हणून वाढदिवसालाच.

व्हिस्की. घेऊ नका. लाकडाच्या पिंपात मुरताना उतरलेला कडवटपणा थंड जेलीत पुढे येतो आणि चव थेट औषधाच्या बाटलीकडे जाते. आमच्या सासऱ्यांचा फक्त व्हिस्कीवर विश्वास, म्हणून मी मध-लिंबू-आलं घालून दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "सूनबाई, ग्लास दे."

वाइन आणि ब्रीझर. यांचं गणित उलटं, इथे पाणी कमीत कमी घालायचं. नाशिकची गोडसर पांढरी वाइन घेतलीत तर 600 मिलीमध्ये 450 मिली वाइन घाला, तरी मिश्रण 10 टक्क्यांच्या आतच राहतं. कमी पिणाऱ्यांसाठी हा चांगला ट्रे. द्राक्षं अर्धी कापून आत सोडा. रेड वाइनची जेली थोडी गढूळ होऊ शकते, कारण तिला तुरटपणा देणारं टॅनिन जिलेटिनला धरतं. वाइन तयार करणारे याच गुणाचा उपयोग करून जिलेटिनने वाइन नितळ करतात. ब्रीझरने चव येते, नशा जवळजवळ नाही. बिअर मला जमलेली नाही. कडू आणि फिकी.

क्रीम लिकर. दूध, कॉफी, चॉकलेट यांच्याबरोबर. लिंबू किंवा कुठलंही आंबट घातलंत की फाटतं.

फेणी आणि उर्राक. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा मान मोठा आणि वास त्याहून मोठा. फ्रीज उघडला की सगळ्या घराला कळतं. म्हणून क्वार्टरऐवजी 120 मिली फेणी आणि 60 मिली व्होडका असं मिसळा, सोबत कोकमाचं आगळ, साखर, मीठ, एक उभी चिरलेली हिरवी मिरची पाण्यात उकळून काढून टाकलेली. फेणी म्हणजे दोनदा गाळलेली, उर्राक म्हणजे पहिल्या गाळपाचा. तो साधारण 15 टक्क्यांचा असतो आणि फेब्रुवारी-मार्चपासून मे-जूनपर्यंतच मिळतो. त्या दिवसांत गोव्यात असाल तर तिथेच करा: वाइनसारखाच पाण्याच्या जागी घाला, लिंबू-मीठ-मिरची. गोव्यातल्या बाटल्या परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सिंधुदुर्गाच्या नाक्यावर गाड्या तपासतात, तेव्हा डिकीत लपवून आणायचा विचार सोडा.

देशी, हातभट्टी, कुणीतरी गावाहून आणलेली बिनलेबलाची बाटली. यातली शेवटची दोन अजिबात नको. हातभट्टीत मिथेनॉल असू शकतं. ते वासाने, चवीने ओळखू येत नाही, उकळून किंवा गोठवून जात नाही. मालाडच्या मालवणीत जून 2015 मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. साखर आणि रंगाखाली तर चव आणखीच झाकली जाते. सीलबंद, लेबल असलेली बाटली, बस. देशी परवानाधारक दुकानातली असली तरी तिचा उग्र वास जेलीत मारता येत नाही, हा माझा अनुभव.

बाटली घ्यायला जाताना एवढं माहीत असू द्या की महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय 21 पूर्ण लागतं, बाकी दारूसाठी 25. गोव्यात 21. महाराष्ट्रात प्यायला परवानाही लागतो, एक दिवसाचा पाच रुपयांत दुकानातच मिळतो. कॉलेजातली पुतणी-भाचे मंडळी येणार असतील तर त्यांच्यासाठी बिनदारूचा ट्रे करा, आणि तो रंगानेच वेगळा ठेवा.

करायचं कसं

काला खट्टा आणि व्होडकाच्या वीस वाट्या धरून सांगते.

पातेल्यात 100 मिली गार पाणी घ्या आणि 15 ग्रॅम जिलेटिन वरून भुरभुरा. एकदम ढीग ओतू नका, मध्ये कोरड्या गुठळ्या राहतात. 15 ग्रॅम म्हणजे मापाचे दीड मोठे चमचे, सपाट. दहा मिनिटं हात लावू नका. ते फुगून ओल्या साबुदाण्यासारखं दिसायला लागलं की त्यावर 200 मिली कडकडीत पाणी घाला आणि हलवा. चमच्याच्या पाठीवर एकही कण दिसता कामा नये. दिसला तर पातेलं मंद आचेवर मिनिटभर ठेवा, उकळू देऊ नका. जिलेटिन जास्त उकळलं की त्याची पकड कमी होते.

आता 120 मिली सिरप आणि अर्ध्या लिंबाचा रस. इथे चाखा. दारू अजून पडलेली नाही आणि थंड झाल्यावर गोडी कमी लागते, म्हणून आत्ता "बाई गं, फारच गोड" असं वाटलं पाहिजे. बरोबर वाटलं तर गोठल्यावर फिकं लागणार.

गॅस बंद. खरंच बंद, शेगडीपासून दूर. 42 टक्क्यांच्या दारूची वाफ गरम पातेल्यावरून उठते आणि शेजारी ज्योत असली तर पेट घेऊ शकते. मिश्रण बोट बुडवून सहन होईल इतकं कोमट झालं की 180 मिली व्होडका घाला. उकळत्यात घातलीत तर अल्कोहोल 78 अंशांनाच उकळतं, म्हणजे तुमच्या पैशांचा वास स्वयंपाकघरभर.

वाट्या आधी ट्रेमध्ये मांडून ठेवा, भरलेल्या वाट्या उचलून फ्रीजपर्यंत न्यायचा प्रयत्न कुणी करू नये. हॉटेलातून चटणी येते त्या झाकणवाल्या छोट्या डब्या सगळ्यात उत्तम, घाऊक दुकानात शेकड्याने मिळतात. कटिंगचे कागदी कप चालतात, पण जेली बाहेर निघायला त्रास देते. आतून बोटाने तेलाचा नुसता हात फिरवा. भरायला पळी नको, चोच असलेलं मापटं घ्या. फ्रीजमध्ये चार तास, रात्रभर ठेवलंत तर जास्त चांगलं. घाई म्हणून फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाण्याचे स्फटिक होतात आणि नंतर जेलीला पाणी सुटतं.

चायना ग्रासचं वेगळं. 600 मिलीला 5 ग्रॅम पावडर. निम्मं, म्हणजे 300 मिली पाणी घेऊन त्यात ती दोन-तीन मिनिटं खळखळून उकळलीच पाहिजे, नाहीतर ती गोठत नाही. पट्ट्या असतील तर कात्रीने कापून अर्धा तास भिजवून मग उकळा. अगर 40 अंशांच्या आसपास गोठायला लागतं, म्हणजे कोमट व्हायची वाट बघितलीत की संपलं. मी एकदा वाटीभर पाण्यात चायना ग्रास उकळून त्यावर फ्रीजमधली गारेगार रम आणि शहाळ्याचं पाणी ओतलं. क्षणात शेवयांसारख्या पांढऱ्या तारा झाल्या, पातेल्यात खीर दिसायला लागली. म्हणून दारू आणि सरबत बाहेरच्या तापमानाला आणून ठेवा, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा, सरबत आधी, दारू नंतर, आणि थेट वाट्यांत.

क्रिस्टल्सचं पाकीट असेल तर त्यावर जितकं पाणी लिहिलंय त्यातून 200 मिली वजा करा. उरलेलं पाणी उकळून त्यात पाकीट विरघळवा आणि वजा केलेल्या 200 च्या जागी एक क्वार्टर घाला. 20 मिली मुद्दाम कमी, दारूमुळे पकड जरा ढिली होते ती भरून निघते. हिरव्या ठिपक्याचं असेल तर हेही लवकर गोठतं, रेंगाळू नका.

फसतं ते बहुधा इथे

ताजं अननस. दिसायला सुंदर, पण त्यातलं एन्झाइम जिलेटिनचं प्रथिनच तोडतं. पपई, किवी, अंजीर, कच्चं आलं यांचीही तीच गत. फळ शिजवून घ्या किंवा डब्यातलं वापरा, उष्णतेने ते एन्झाइम मरतं. चायना ग्रास प्रथिन नाही, त्याला याने काही होत नाही.

जास्त लिंबू. आंबटपणाने जिलेटिन मऊ पडतं. लिंबाचा शॉटच करायचा असेल तर जिलेटिन 15 ऐवजी 18 ग्रॅम घ्या.

तरीही पातळच राहिलं तर फेकू नका. 5 ग्रॅम जिलेटिन थोड्या पाण्यात फुगवा, गरम करून विरघळवा. वाट्यांतलं मिश्रण पातेल्यात जमा करून नुसतं कोमट करा, उकळी नको, त्यात हे मिसळा आणि पुन्हा लावा. त्या पहिल्या गटारीला हे माहीत असतं तर वहिनीचे टोमणे वाचले असते.

गच्चीवर

एका वेळी दहा-बाराच वाट्या बाहेर काढा, परातीत बर्फ पसरून त्यावर ठेवा. बाकीच्या फ्रीजमध्येच. मटण झाल्यावर द्या, रिकाम्या पोटी नको. पाच मिनिटांत चार वाट्या सहज जातात, कारण घशाला काही जळत नाही, आणि चढायला अर्धा तास लागतो. "काहीच होत नाहीये, अजून दे" म्हणणारा माणूस दर वर्षी वेगळा असतो, वाक्य तेच. त्याला अर्धा तास थांबवा, पाणी द्या, भाकरी द्या. आणि गाडीची किल्ली काढून घ्या. कायद्याने 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, ती किती वाट्यांना ओलांडली जाते हे ज्याच्या त्याच्या वजनावर, जेवणावर. गच्चीवर उभं राहून कुणी तो हिशोब करू नये.

फ्रीजमधल्या ट्रेवर कागद चिकटवायला विसरू नका, मोठ्या अक्षरात "दारू आहे". मुलांना वाचता येत नसेल तर तेवढ्यावर भागत नाही. ट्रे सगळ्यात वरच्या कप्प्यात, मागे, आणि त्याच दिवशी मुलांसाठी त्याच रंगाची जेली करायची नाही. आमच्याकडे मुलांची जेली पिवळी, मोठ्यांची जांभळी, हा नियम आहे. गटारीच्या दिवशी घरात दिव्यांची पूजा असते, सासूबाई नैवेद्याचं म्हणून फ्रीज उघडतात. त्यांना आता रंग पाठ झालेत. उरलेल्या वाट्या झाकण लावून तीन दिवस राहतात. पुढे वर चिवट साय धरते, खाली पाणी सुटतं. अर्थात श्रावण लागलेला असतो, त्यामुळे त्या माझ्याकडे कुणी मागायलाही येत नाही, आतेभाऊ सोडून.